संक्रांत ते पाडवा : डुलूथच्या गोठलेल्या बंदरात जहाजं पाहायला जाताना

पहिल्या वर्षी आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. मिनीआपोलिसहून आय-३५ महामार्गाने उत्तरेला निघालं की अडीच तासांत डुलूथ येतं. सोबत आईबाबा होते, थर्मासमध्ये चहा होता, डब्यात दशम्या होत्या. कालव्याच्या काठावर आम्ही चार तास उभे राहिलो आणि एकही जहाज हललं नाही. बंदरात जहाजं होती, पण सगळी धक्क्याला बांधलेली, निजलेली. मग कळलं की या बंदराचं एक पंचांग आहे आणि आम्ही ते न बघताच निघालो होतो. त्यानंतर आठ हिवाळे मी इथे येतेय. जे त्या दिवशी ठाऊक असायला हवं होतं, ते सगळं इथे लिहिते.

आधी तारीख

लेक सुपीरियर हे क्षेत्रफळाने जगातलं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर. त्याच्या पश्चिम टोकाला मिनेसोटातलं डुलूथ आणि विस्कॉन्सिनमधलं सुपीरियर अशी दोन गावं मिळून एक बंदर होतं. अटलांटिकपासून इथपर्यंत सेंट लॉरेन्स नदी आणि पाच महासरोवरांपैकी चारांतून ३७०० किलोमीटरहून लांबचा पाण्याचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर सुपीरियर आणि ह्यूरन या दोन सरोवरांच्या पातळीत सुमारे २१ फुटांचा फरक पडतो. तिथे जहाजं चढवायला-उतरवायला सू लॉक्स आहेत, म्हणजे दारं लावलेल्या पाण्याच्या पायऱ्या. दरवर्षी १५ जानेवारीच्या मध्यरात्री ही दारं बंद होतात, ती २५ मार्च उजाडताना उघडतात. मधल्या काळात दुरुस्ती चालते. एखाद्या वर्षी उघडण्याची तारीख अलीकडे येते. २०२४ मध्ये ती २२ मार्च होती.

आपल्या घरात हे लक्षात ठेवायला सोपं जातं. संक्रांतीला लॉक मिटतो, पाडव्याच्या आसपास उघडतो. आमच्याकडे जानेवारीच्या फेरीला आता गुळाच्या पोळ्या असतातच. थंडीत त्या कडक होतात, पण खिशात अंगाशी धरल्या की खाण्याजोग्या राहतात.

तर जाण्याचे दिवस असे. डिसेंबरचा उत्तरार्ध: समुद्रावरून आलेली परदेशी जहाजं धान्य भरून घाईने बाहेर पडतात, कारण सेंट लॉरेन्सचा मार्गही वर्षअखेरीला बंद व्हायचा असतो. बर्फ तेव्हा नुकता धरू लागलेला असतो. जानेवारीचे पहिले अठरा दिवस: माझ्या मते हाच हंगाम. सरोवरातच फिरणारी मोठी मालवाहू जहाजं, ज्यांना इथे लेकर म्हणतात, हिवाळा काढायला परततात. १५ तारखेला शेवटच्या क्षणी लॉकमधून निघालेलं जहाज साधारण एका दिवसाने डुलूथला पोचतं, म्हणून १६-१७ तारीख चुकवू नये. त्यानंतर मार्चच्या मध्यापर्यंत इथे फक्त उभी जहाजं दिसतील. मार्चचा उत्तरार्ध आणि एप्रिल: बर्फ सर्वांत जाड आणि वाहतूक सुरू. जहाज अडकलेलं पाहायचं असेल तर तेव्हा.

जहाजाचा ठावठिकाणा

मोठी जहाजं आपली जागा रेडिओवरून सतत कळवत असतात आणि मरीन ट्रॅफिकसारख्या ॲपवर ती नकाशावर दिसतात. शिवाय डुलूथच्या येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांचं वेळापत्रक स्थानिक संकेतस्थळांवर रोज मिळतं. हिवाळ्यात या वेळांवर विसंबू नका. ‘सकाळी ९’ म्हणजे दुपारी २ सुद्धा होतं. वेळेपेक्षा वेग बघा. उघड्या पाण्यात लेकर ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने चालतं. नकाशावर तोच आकडा पाचावर आला आणि जहाज किनाऱ्यापासून अजून लांब असेल, तर ते बर्फात शिरलंय आणि तुम्हाला जेवायला वेळ आहे.

आणखी एक गोष्ट नक्की तपासा: जहाज कुठल्या दाराने येतंय. बंदराला दोन दारं आहेत. एक डुलूथचा कालवा, १८७०-७१ मध्ये खोदलेला, शहराच्या अगदी मधोमध. दुसरं काही मैल आग्नेयेला, सुपीरियर एंट्री, वाळूच्या दांड्यातली मूळची वाट. सुपीरियरच्या अलूए भागातल्या लोहखनिजाच्या धक्क्याला जाणारं जहाज बहुधा त्या दुसऱ्या दाराने शिरतं. तुम्ही कालव्यावर कुडकुडत असता आणि ते क्षितिजावरून शांतपणे दुसरीकडे निघून जातं. कोळसा भरणारी आणि पश्चिम डुलूथच्या खनिज धक्क्याला जाणारी जहाजं मात्र कालव्यातून, पुलाखालून येतात.

अंगावर काय घालावं

उणे २० सेल्सिअस इथे नवलाचं नाही, आणि सरोवरावरून येणारा वारा त्यात भर घालतो. आतला थर लोकरीचा किंवा घाम शोषून न धरणारा, मधला उबदार, वरचा वारा अडवणारा. अंगालगत सुती कपडा नको. चालताना येणारा घाम त्यात राहतो आणि उभं राहिल्यावर तोच गार पडतो. जहाज पाहणं म्हणजे उभं राहणं, हे कपडे निवडताना धरून चला. चालणाऱ्याला पुरतात तेवढे कपडे उभ्या माणसाला पुरत नाहीत. बूट एक माप मोठे, दोन मोजे मावतील असे. बुटांना खालून लावायचे काटे मिळतात, ते घेतल्याशिवाय कालव्याच्या भिंतींवर जाऊच नका. बोटं एकत्र राहतील असे हातमोजे आत पातळ मोजे घालून वापरा.

गालावर, नाकाच्या शेंड्यावर पांढरट डाग दिसला किंवा तिथे काहीच जाणवेनासं झालं तर लगेच आत जा. चोळू नका. हे आपलं आपल्याला दिसत नाही, म्हणून दर पंधरा मिनिटांनी एकमेकांचे चेहरे बघायचे. मुलांचे आधी.

कुठे उभं राहावं

डुलूथ यायच्या आधी महामार्ग एका टेकडीवरून उतरतो. तिथे थॉम्पसन हिलचा थांबा आहे. पाच मिनिटं थांबाच. सबंध बंदर पायाशी पसरलेलं दिसतं आणि बर्फातल्या काळ्या रेघा दिसतात. त्या रेघा म्हणजे जहाजांच्या वाटा. कुठली वाट ताजी, कुठली गोठून पांढुरकी झाली, हे वरून जितकं कळतं तितकं खाली उतरल्यावर कळत नाही.

खाली कॅनल पार्क. कालवा ३०० फूट रुंद, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती सरोवरात अर्धा किलोमीटर गेलेल्या. वर एरियल लिफ्ट ब्रिज. हा १९०५ साली टांगत्या पाळण्याचा पूल म्हणून बांधला. माणसं, गाड्या पाळण्यात बसून पलीकडे जायची. १९२९-३० मध्ये त्याचा उचलपूल केला. पूर्ण उचलला की खाली पाण्यापासून १८० फुटांची मोकळी जागा होते. सरोवरांवरचं सर्वांत लांब जहाज, पॉल आर. ट्रेगर्था, १०१३ फूट लांब आणि १०५ फूट रुंद आहे. ते या ३०० फुटांतून जाताना काठावरच्या माणसाला गगनचुंबी इमारत आडवी होऊन सरकत जावी तसं दिसतं. काठालाच सागरी संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. हिवाळ्यात ते कमी दिवस उघडं असतं, वार बघून जा. मोठ्या काचा आहेत, आत ऊब आहे. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर हीच जागा.

पुलापलीकडे वाळूच्या दांड्यावर पार्क पॉइंटची वस्ती आहे. जहाज येताना पूल वर गेला की गाड्या अडकतात. इथली माणसं त्याला ‘ब्रिज्ड’ होणं म्हणतात. गाडी कुठल्या बाजूला लावायची हे आधी ठरवा.

सरोवरातून येणारं जहाज लांबून पाहायचं असेल तर उत्तरेला ब्रायटन बीच. खडकाळ किनारा आहे आणि वाऱ्याने आणलेले काचेसारखे बर्फाचे तुकडे तिथे एकावर एक चढून ढीग होतात. ते हलले की काचेच्या बांगड्या वाजाव्यात तसा आवाज येतो. त्या आवाजासाठी मी जहाज नसतानाही जाते.

बर्फ वाचणं

हा या लेखाचा गाभा आहे. कोकणात तांडेल होडी काढण्याआधी आभाळ आणि भरती बघतो. इथे भरती-ओहोटी जाणवण्याइतकी नाही. तिची जागा वाऱ्याने घेतली आहे. डुलूथ सरोवराच्या निमुळत्या पश्चिम टोकाला आहे. ईशान्येचा वारा सुटला की सबंध सरोवरावरचा सुटा बर्फ या कोपऱ्यात येऊन कोंबला जातो. नैर्ऋत्येचा किंवा पश्चिमेचा वारा सुटला की तोच बर्फ एका रात्रीत आत निघून जातो आणि सकाळी समोर निळं पाणी. म्हणून निघण्याआधी दोन दिवसांचा वारा बघा. तीव्र थंडीच्या, पण पश्चिम वाऱ्याच्या दिवशी जहाज सहज येतं. थंडी कमी, पण ईशान्येचा वारा असला की तेच जहाज बंदराच्या तोंडाशी अडकू शकतं.

मग डोळ्यांसमोरचा बर्फ बघा. काळसर, काचेसारखा, गुळगुळीत दिसतो तो नवा आणि पातळ. जहाज त्यातून जाताना वेग बदलत नाही, फक्त फर्रकन कापड फाटल्यासारखा आवाज येतो. काठ उचललेल्या गोल थाळ्या तरंगताना दिसल्या तर लाटांनी बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासवलेत असं समजा. त्यातूनही जहाज जातं. बंदराच्या आतला सपाट, पांढरा, किनाऱ्याला धरून राहिलेला बर्फ सर्वांत जाड. त्याला सारखी वाट पाडून ठेवावी लागते. आणि जिथे पत्रे दुमडावेत तसे बर्फाचे उंचवटे दिसतील, तिथे वाऱ्याने तुकडे एकमेकांखाली दाबलेत. पृष्ठभागावर दिसतो त्याच्या कितीतरी पट बर्फ खाली असतो. मोठी जहाजं अडतात ती बहुधा इथे.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. गोड्या पाण्याचा बर्फ समुद्राच्या बर्फापेक्षा टणक असतो. समुद्राचं पाणी गोठताना खारट पाण्याचे बारीक कप्पे बर्फात अडकतात आणि त्याला ठिसूळ करतात. इथे तसे कप्पे नाहीत. सुपीरियरचा दोन फुटांचा बर्फ खरोखर दोन फुटांचा असतो.

आणि पाण्यावरून वाफा निघताना दिसल्या तर तिकडे उघडं पाणी आहे. हवा उणे २५ आणि पाणी शून्याच्या जरा वर, म्हणून ते धुकं उठतं. सूर्योदयाला त्या वाफेतून जहाजाचा आधी फक्त माथा दिसतो.

हालचाल कशी बघावी

जहाज दिसल्यावर पहिला प्रश्न: भरलेलं की रिकामं? लोखंडी अंग पाण्यावर किती दिसतंय त्यावरून कळतं. रिकामं जहाज उंच उभं असतं आणि त्याला वारा ढकलतो. म्हणून ते टाक्यांत पाणी भरून अंग खाली घेतं, विशेषतः मागचा भाग. त्यामुळे जहाज पुढे ढकलणारा पंखा बर्फाखाली खोल राहतो. साठ हजार टन खनिज भरलेलं जहाज खाली बसलेलं असतं. त्याला वाऱ्याचं भय कमी, पण थांबायला फार लांबी लागते.

कालव्यात शिरताना नवख्या माणसाला वाटतं, इतक्या अरुंद जागेत हे एवढ्या वेगाने का येतंय? कारण सुकाणू पाणी वाहतं तेव्हाच काम करतं. फार हळू गेलं तर आडवा वारा जहाजाला भिंतीवर नेईल. म्हणून कप्तान वेग राखून आत येतो आणि पुलाखालून गेल्यावर कमी करतो. ज्या दिवशी वारा आडवा असेल त्या दिवशी मुद्दाम बघा: जहाज कालव्याच्या दिशेत सरळ नसतं, जरा तिरकं येतं आणि तोंडाशी सरळ होतं. ती काही सेकंदं मी श्वास रोखून बघते, अजूनही.

आता बर्फफोड्या. तटरक्षक दलाची जहाजं हे काम करतात. डुलूथला स्पार नावाचं २२५ फुटी जहाज असतं. मॅकिनॉ हे २४० फुटांचं मोठं जहाज मिशिगनहून येतं. ते ताशी साडेपाच किलोमीटरच्या वेगाने ३२ इंच बर्फ फोडत जाऊ शकतं. बर्फफोडं जहाज बर्फ कापतं असं आपल्याला वाटतं, पण नीट बघा. त्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बर्फावर चढते आणि वजनाने बर्फ खाली मोडतो. नाक जरा उचललं जातं, मग बसतं, पुन्हा उचललं जातं. एकशे चाळीस फुटी बर्फफोड टग (टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या, दणकट बोटी) असतील तर बाजूने पाण्यात बुडबुडे उसळताना दिसतील. अंग आणि बर्फ यांच्यामध्ये हवा सोडून घर्षण कमी करण्याची ती सोय आहे.

मागून येणारं लेकर स्वतः बर्फफोडं नाही. ते पडलेल्या वाटेने येतं आणि त्याला दोन भीती असतात. वाट फार वेळ मोकळी ठेवली तर मोडलेले तुकडे पुन्हा गोठून आधीपेक्षा ओबडधोबड, घट्ट होतात. आणि फार जवळून गेलं तर पुढचं बर्फफोडं एखाद्या उंचवट्यावर अचानक अडलं की हजार फुटांचं जहाज वेळेत थांबत नाही. दोघांमधलं अंतर बघत राहा. कधी वाढतं, कधी कमी होतं, त्यात दोन्ही कप्तानांचं बोलणं दिसतं.

जहाज अडकलं तर घाई करून निघून जाऊ नका. खरं शिकायला मिळतं ते तेव्हाच. आधी ते मागे येईल, मग त्याच वाटेने जोर घेऊन पुढे जाईल. दोन-तीन प्रयत्नांत नाही सुटलं तर बर्फफोडं त्याच्या बाजूने, अगदी समांतर, एक फेरी मारतं. हे पाहून माझे बाबा म्हणाले होते, “अगं, पुढे फोडायचं सोडून हे बाजूला काय करतंय?” बाजूचा बर्फ जहाजाला चिमट्यासारखा धरून असतो. आधी तो चिमटा सैल करायचा, मग पुढची वाट. कधी जहाज उघड कारण नसताना हळू होतं. यंत्र गार ठेवायला आत घेतलं जाणारं पाणी बर्फाच्या चिखलाने तुंबलं असेल, तर असं होतं.

पूल ओलांडून जहाज आत गेल्यावर बहुतेक लोक गाडीकडे वळतात. तुम्ही थांबा, किंवा गाडीने बंदराच्या बाजूला या. धक्क्याला लागणं हा सर्वांत संथ आणि सर्वांत सुंदर भाग. धक्का आणि जहाज यांच्यामध्ये बर्फ अडकलेला असतो आणि तो तिथे असेपर्यंत जहाज टेकत नाही. मग टग धक्क्यालगत मागे-पुढे करून तो फोडतात, जहाज स्वतःच्या पंख्याच्या लोटाने तुकडे बाहेर ढकलतं. पुढच्या भागाला बाजूला ढकलणारा छोटा पंखा असतो, त्याच्या बोगद्यातही बर्फ शिरतो. एरवी अर्ध्या तासाचं काम तासन् तास चालतं. जानेवारीत आलेल्या जहाजाचा पुढचा भाग उडालेल्या पाण्याने गोठून पांढरा झालेला असतो आणि डेकवरची माणसं बर्फ फोडत दोर मोकळे करत असतात. त्यांच्याकडे हात हलवा. ते हलवतात.

भोंगे

पुलाजवळ जहाज भोंगा देतं आणि पूल तसाच परत देतो. एक लांब, दोन छोटे म्हणजे कप्तानाचा नमस्कार. तीन लांब, दोन छोटे म्हणजे मोठा मान, तो शेवटच्या फेरीला किंवा खास प्रसंगी ऐकू येतो. गार हवेत हा आवाज छातीत वाजतो. लहान मुलांचे कान झाका.

फोटोबद्दल थोडकं. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. बर्फामुळे कॅमेरा फसून चित्र राखाडी काढतो, उजेड एक पायरी वाढवा. बॅटऱ्या आतल्या खिशात. उबेत शिरण्याआधी कॅमेरा बंद पिशवीत घाला आणि तासभर उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

जिथे जायचं नाही

गोठलेल्या बंदरावर पाऊल टाकू नका, काठाजवळसुद्धा नाही. तुम्हाला मासे धरणारे लोक बर्फावर बसलेले दिसतील. ते रोजचे आहेत, आणि मार्चमध्ये बर्फफोडी सुरू होण्याआधी तटरक्षक दल त्यांनाही वाटांपासून लांब राहायला सांगतं. जहाजाने वाट पाडली की तिच्या बाजूचा बर्फही तडकून सैल होतो आणि वरून ते दिसत नाही.

वाऱ्याच्या दिवशी कालव्याच्या भिंतींवर जाऊ नका. २८ नोव्हेंबर १९०५ च्या वादळात मटाफा नावाचं जहाज याच कालव्याच्या तोंडाशी भिंतीला आपटून फुटलं. काठावर हजारो लोक जमले होते आणि कुणालाही रात्री पोचता आलं नाही. जहाजावरचे नऊ जण गारठून, बुडून गेले. १९६७ च्या एप्रिलमध्ये याच भिंतीवरून तीन भावांना लाटेने ओढून नेलं आणि त्यांना शोधायला गेलेला तटरक्षक जवानही गेला. लाट पायाखालून जाताना दिसली तर त्याच क्षणी मागे फिरा.

मार्चची वाट

जानेवारीच्या शेवटी बांधलेली जहाजं एकदा सावकाश बघून ठेवा. रस्त्यावरूनच, कारण धक्के खाजगी आहेत. पोर्ट टर्मिनल आणि सुपीरियरच्या जहाजदुरुस्तीच्या कारखान्याजवळ ती दिसतात. वेल्डिंगच्या ठिणग्या दिसतील. नावं लिहून घ्या आणि कुठलं कुठे आहे तेही. मार्चच्या मध्याला बर्फफोडी बंदरात फेऱ्या मारू लागली की त्या यादीतली एकेक जागा रिकामी होते. लॉकपर्यंत जायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून पहिलं जहाज लॉक उघडण्याच्या दोन-तीन दिवस आधीच निघतं. आदल्या संध्याकाळी त्याच्या चिमणीतून धूर दिसतो आणि टग त्याच्या भोवतीचा बर्फ फोडू लागते. तो धूर दिसला की त्या रात्री डुलूथमध्येच मुक्काम करा. बहुधा अंधारातच ते सुटतं, आणि पूल उचलल्याची घंटा हॉटेलच्या खिडकीतून ऐकू येते.